रस्त्यापलीकडचं मत

माउंट रेनियर, मेरीलँड
४ सप्टेंबर २०१६

ती. ओझेलाताईस,
वर्लीनचा सा. न.

समोरासमोर राहून पत्र लिहिते आहे, कारण हा विषय काढला की तू फोन ठेवतेस. खालची खोली रिकामी केली आहे. एकही पायरी नाही, तुझे गुडघे दुवा देतील. शिवाय आपल्या मधला रस्ता हीच हद्द; तो ओलांडलास की तू मेरीलँडची. दोन सिनेटर, आणि काँग्रेसमध्ये खरं मत असलेला प्रतिनिधी. जन्मभर वॉशिंग्टनमध्ये कर भरून तुला काय मिळालं? ते राज्यच नाही, म्हणून सिनेटर नाही, आणि जी प्रतिनिधी आहे तिला कायद्यावर मत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत इथे यादीत नाव घालता येतं. हट्ट सोड.

तुझ्याच काळजीत,
वर्लीन

वॉशिंग्टन
२ ऑक्टोबर

चि. वर्लीनला अनेक आशीर्वाद.

निघणारच होते. कपबश्या कागदात गुंडाळल्या. म्हटलं, आधी तुझा सिनेटर कसा आहे ते पाहू. त्याच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या मुलीने पिनकोड विचारला, मी सवयीने माझाच सांगितला. ती म्हणाली, आजी, तुमच्या सिनेटरना फोन करा. मी म्हटलं, बाळ, असता तर तुला कशाला छळलं असतं? ती हसली. मग हळूच म्हणाली, मी तुमच्याच मागच्या गल्लीत भाड्याने राहते, मलाही कुणी नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या सिनेटरचे फोन घेते बिचारी!

रविवारी तिला जेवायला बोलावलं. तळलेला मासा संपवून म्हणते, वॉशिंग्टनचं राज्य व्हावं का, हा प्रश्न नोव्हेंबरात मतपत्रिकेवर आहे. मला मतदानाची जागा दाखवाल ना? ती गेल्यावर मी कपबश्या पुन्हा फडताळात लावल्या. त्या प्रश्नाला हो म्हणायचं तर मला इथलीच राहायला हवं. रागावू नकोस. रागावलीस तरी जेवायला ये.

तुझी हट्टी,
ओझेला

माउंट रेनियर
९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

काल खिडकीतून पाहिलं. पांढरी टोपी घालून, त्या मुलीचा हात धरून, लग्नाला निघाल्यासारखी चालली होतीस. मीही मत दिलं. तिथल्या बाईंना विचारलं, वॉशिंग्टनचा प्रश्न कुठे आहे? त्या म्हणाल्या, तो पलीकडच्यांचा. सत्तर वर्षांत पहिल्यांदा तुझा हेवा वाटला. तुमचं हो दणक्यात जिंकलं म्हणे. काँग्रेस मानेल तेव्हा मानेल.

पण ताई, तुझ्या घरातला जिना काही कमी झालेला नाही. शनिवारी दोन्ही जावयांना घेऊन येते आणि तुझा पलंग खालच्या मजल्यावर आणते. नको म्हणू नकोस. तुझ्या राज्याबद्दल मला मत नव्हतं. पलंगाबद्दल आहे.

तुझीच,
वर्लीन