वेगळं काढलेलं ताट

आई, दूध तापवून फडताळात ठेवलंय. मांजर पुन्हा माळ्यावर चढलंय. दमूचा तो महारोग नव्हे.

काल भिंगारला दमूच्या माहेरी जाऊन तिला डॉक्टरांना दाखवलं. डागावर सुई टोचली तशी ती कळवळली; महारोगाचा डाग बधिर असतो. हातावरचे ते काळे डाग डोकेदुखीच्या गोळीने उठत होते. गोळी घेतली की पुन्हा त्याच जागी. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, गोळी बदलायची सोडून बायकोच माहेरी धाडलीत?"

घरी चल म्हटलं, तर दमू म्हणाली, "आधी आईंना विचारून या."

तुला न विचारताच आज पुन्हा चाललोय. तिचं वेगळं काढलेलं ताट आपल्या ताटांत ठेव. ती येईलच असं नाही.

बाळ गेलं तेव्हापासून तिचं डोकं दुखत होतं.