त्रेसष्ट उशा आणि पत्त्याची दुसरी ओळ

ताईच्या पायांशी धाकट्याचा नमस्कार,

तुझे गुडघे, भाचीची तब्येत आणि नव्या पाहुण्याचा घसा (परवा फोनवर तोच जास्त बोलला) हे सगळं ठणठणीत असेल असं धरून चालतो. पत्र अशासाठी, की फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि या प्रकरणात वाक्यं पुरी होणं गरजेचं आहे. तुझ्या कानावर काहीबाही आलंच असेल. ते खरं आहे. पण मी सांगतो त्या क्रमानं ऐक, म्हणजे ते यश वाटेल.

भाचीच्या बाळंतपणाला जाताना तू म्हणालीस, महिनाभर उशांच्या ऑर्डरींचं बघ, आल्यावर ठरवू हे काम कायमचं तुझ्याकडे द्यायचं की नाही. बावीस वर्षं कचेरीत तक्ते भरलेला आणि त्याच कचेरीनं नुकताच रिकामा केलेला माणूस, माझ्याइतका लायक दुसरा कोण मिळणार होता? तू आजवर ऑनलाइन दुकानातली एकेक ऑर्डर बघून कुरियरच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षर-अक्षर टाइप करायचीस. एका उशीला दहा मिनिटं. मी पहिल्याच दिवशी ठरवलं, टाइप करणं बंद. सगळ्या ऑर्डरींची एक फाइल उतरवायची आणि एका घासात कुरियरला भरवायची.

आता दुकानाच्या फाइलमध्ये रकाने एकतीस, आणि कुरियरला हवेत सात, तेही त्याच्याच क्रमानं. सॉफ्टवेअर हे रुसलेल्या जावयासारखं असतं: काहीतरी चुकलंय एवढं तोंड फुगवून सांगतं, काय चुकलं ते आपण ओळखायचं. फोन नंबर लांब म्हणून एक्सेलनं ते परस्पर आखडून टाकले. सगळ्या गिऱ्हाइकांचा नंबर जवळजवळ एकच. ते पूर्ववत केले. तारखांचे दिवस-महिने उलटे होते, ते सुलटे केले. तीन दिवसांत सहा रकाने वठणीवर आणले. (असा उरक घरात कधी दिसला नाही, इति तुझी भावजय.)

राहिला सातवा: ‘पत्ता, दुसरी ओळ’. आपल्या गिऱ्हाइकांचे पत्ते एका ओळीत मावतात, आणि कुरियर रिकामी ओळ घेत नाही. त्रेसष्ट लाल फुल्या. मग मी प्रत्येकानं भरलेला असा एखादा रकाना शोधला. सापडला: ‘दुकानदारास सूचना’. (तो सक्तीचा तूच ठेवलायस, तेव्हा थोडं पाप तुझ्याही माथी.) सूचना म्हणजे बेल बंद आहे, कडी वाजवा, असं पत्त्याच्याच भाऊबंदांपैकी काहीतरी असणार, म्हणून जोडला. हिरवी खूण आली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट! लेबलं छापली, चिकटवली, खोकी रवाना. वाचली नाहीत, कारण हिरव्या खुणेवर संशय घेण्याइतका मी कोत्या मनाचा नाही.

ताई, लोक तुला काय काय लिहितात गं! एकीनं लिहिलेलं: ‘नवरा घोरतो म्हणून घेतेय, त्याला मानदुखीसाठी असं सांगणार आहे.’ खोकं नवऱ्यानंच घेतलं. त्याचा फोन: कोण म्हणतं मी घोरतो? मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे तसा पत्ता नोंदलाय. एका शिक्षिकेनं मुख्याध्यापकांच्या खुर्चीसाठी मागवली, ‘कडक चालेल, शाळेत झोप लागता कामा नये’. ती भर कचेरीत पोचली. एका सुनेनं सासूबाईंसाठी: ‘स्वस्तातली द्या, त्या नावं ठेवणारच आहेत.’ सासूबाईंनी ठेवली, उशीला नव्हे. कुरियरवाला (पन्नाशीचा, चष्मेवाला, जन्मात न हसलेला) दारात उभा राहून अख्खा पत्ता मोठ्यानं वाचतो. म्हणतो, नियम आहे.

दुकानाचे तारे साडेचारांवरून अडीचांवर आले, हे खरं. पण एकेका गिऱ्हाइकाला मी स्वतः फोन केला, शिव्या खाल्ल्या, माफी मागितली. परत आल्या फक्त चार उशा. कुरियरला विचारलं, तर त्या ओळीत नुसतं टिंब टाकलं तरी चालतं म्हणे. (हे आधी विचारायला काय झालं होतं, असं तू म्हणणार, म्हणून मीच म्हणून घेतो.) आता रोजची फाइल बारा मिनिटांत होते. एका उशीची नव्हे, सगळ्यांची. तेव्हा काम माझ्याकडेच राहू दे, यात विचार करण्यासारखं काही नाही.

बाळाला पापा, भाचीला आशीर्वाद.

तुझा कर्तबगार भाऊ

ता.क. त्रेसष्टांतलं एक खोकं माझ्याच घरी आलं. तुझ्या भावजयीनं, सूचना तूच वाचतेस अशा समजुतीनं, गुपचूप मागवलेलं. दार मी उघडलं. कुरियरवाल्यानं नियमाप्रमाणे वाचलं: ‘वन्सं, माझ्या शब्दाखातर यांना कामाला लावलंत, उपकार झाले. माझी दुपारची झोप मला परत मिळाली, म्हणून ही उशी. यांना कळू देऊ नका.’

पुन्हा ता.क. म्हणजे मला लायकी बघून घेतलं नव्हतंस. दोन दिवस दुपारी घरी जेवायला आलो नाही (घरात कुणी तक्रार केली नाही). असो. घेतलंस तिच्या शब्दाखातर, आता ठेव मात्र माझ्या बारा मिनिटांखातर. तेही जमत नसेल, तर तिचा निरोप कळवतो: यांना कायमचं ठेवलंत तर आणखी दोन उशा घेईन. अडीच ताऱ्यांच्या दुकानानं गिऱ्हाईक परत पाठवू नये.