ब्लेडांना कुंकू

१ ऑक्टो., बुध.
खंडेनवमी. बाबांनी वर्कशॉपात पूजा केली. लेथला, ग्राइंडरला झेंडूचे हार. मग ट्रेमधली ब्लेडं. हेलिकॉप्टरचं नवीन इंजिन बनतंय ना, त्याची, बोटाएवढी. एकेकाला कुंकू लावलं. "पहिलंच इंजिन आहे बाळा. कोणीतरी याच्यावर उडणार." मी ताम्हण धरून उभी. नंतर बाबांनी ब्लेडं फडक्याने पुसली.

४ ऑक्टो., शनि.
माझं काम सोपं. ब्लेड रंगात बुडवायचं, धुवायचं, अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली बघायचं. चीर असली तर हिरवी चमकते. आज केशरी चमकलं. बोटांचे ठसे, बाबांचे. सुपरवायझर जिग्नेशभाई आत आले. "आ शुं छे, बेन?" ब्लेड ट्रेमध्ये ठेवलं, परत उचललं. शेवटी म्हटलं, कुंकू.

६ ऑक्टो., सोम.
इंजिनवाले साहेब बंगलोरहून आले. म्हणाले, हे इंजिन जेटसारखं ढकलत नाही, सगळा जोर शाफ्टला देतं, शाफ्ट वरचा पंखा फिरवतो. आत ब्लेडं लालभडक तापतात. कुंकवात शिसं असलं तर तापल्यावर धातू तडकेल. "किसने लगाया?"
सगळे खाली बघतायत आणि बाबांनी हात वर केला. हसत. "मैंने, साहब. शुभ होता है."
साहेबांनी चहा तसाच ठेवला. जि.भाई म्हणाले, "काका, तमे तो गोर महाराज थई गया!" भटजी म्हटलं, तरी बाबा त्यालाही हसले. मला जमिनीत जावंसं...

७ ऑक्टो., मंगळ.
बाबांना ब्लेडांचा रिपोर्ट येईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. मला नाही. मांजलपूरच्या घरून शेअरच्या शटल रिक्षाने एकटीच कामाला गेले. आई म्हणते, तू बोल ना साहेबांशी. मी? मला रिक्षावाल्याला थांब म्हणता येत नाही, पुढच्या चौकात उतरते. नववीत शाळा सुटली ती पण त्यामुळेच, उभं राहून वाचायला लावायचे आणि माझा शब्द अडायचा...

१० ऑक्टो., शुक्र.
जि.भाईंनी बोलावलं. शिसं आत शिरलंय का ते बघायला ब्लेडं कापणार. सगळी.
"चांगली निघाली तर?" विचारलं मी.
"कापेली तो कापेली, बेन."
म्हणजे चांगली निघाली तरी गेलीच. इंजिनाची ट्रायल पुढे गेली. बाबांना परत घ्यायचं का ते शेठ मग ठरवणार. "काकाने तू ज कही देजे." म्हणजे बाबांना मीच सांगायचं.
घरी आले तर बाबा दारातच. "धुऊन निघालं ना ग?"
म्हटलं, हातपाय धुते आधी.
आतल्या खोलीत बसलेय. बाबा दाराशी येऊन गेले. आता कपबशी वाजतेय. माझ्यासाठी चहा आणतायत.