कोण कितवा

१ ऑगस्ट १९९४, सोम.
संचालकांनी बोलावलं. संस्थेतल्या निवृत्त गणितज्ञांची क्रमवारी लावायची आहे, आणि ती मी लावायची! ग्रंथालयात हवाल्यांचे जाडजूड खंड आहेत. कोणाच्या लिखाणाचा हवाला जगात किती जणांनी दिला, ते त्यात असतं. मोजा आणि यादी करा. निवृत्तांपैकी वरच्या पाचांची खोली राहील, बाकीच्यांनी रिकामी करायची. मी ऑक्टोबरात निवृत्त होणार, म्हणजे यादीत मीही. परीक्षेला बसलेल्यालाच पेपर तपासायला दिले. हो म्हणून आलो.

४ ऑगस्ट, गुरु.
बारीक टाइप, हातात भिंग. डोळ्यांचं पार वाटोळं.
खंडेराव सर, आमचे अण्णा, अकरावे. ज्यांच्याकडे मी शिकलो, निम्मी संस्था शिकली, ते अकरावे! चौऱ्याहत्तर वय. रोज यशवंतपूरहून बसने येतात, चौदा नंबरच्या खोलीत फळ्यासमोर बसतात. त्यांच्या पत्नी, अक्का, गेल्यापासून घरी बोलायला कोणी नाही. ती खोली गेली तर सर काय करतील...
आणि मी तिसरा. आयुष्यात दोन बरे लेख लिहिले असतील. घोळ आहे काहीतरी.

६ ऑगस्ट, शनि.
सापडला. माझे बहुतेक हवाले ५९ सालच्या त्या सायक्लोस्टाइल पुस्तिकेचे. व्याख्यानं ख. सरांची, मी ती उतरवून घेतली. पण पुस्तिकेवर उतरवणाऱ्याचं नाव घालायची सरांची रीत. "लिहिलंस तू, मग माझं नाव कशाला?" जगाने तेच नाव उचललं.
काय दिवस होते. स्टेन्सिलची शाई कोपरापर्यंत. चिन्हं टाइपरायटरवर नसायची, ती मी हाताने भरायचो. वर्ग सुटला की कोपऱ्यावरच्या हॉटेलात बाय टू कॉफी, एक कप दोघांत. सरांच्या कोटाच्या बाहीवरचा खडू माझ्या पेल्यात पडायचा. तशी कॉफी पुन्हा प्यायलो नाही.

९ ऑगस्ट, मंगळ.
करून पाहिलं. पुस्तिका सरांच्या नावावर घातली की सर दुसरे, मी बारावा. खोली त्यांची राहते, माझी जाते. घरी दोन खोल्या, दोन नातवंडं आणि दिवसभर टीव्ही. इथे तरी खरं लिहितो, मला खोली हवी आहे. दिवसभर कागद नुसता इकडचा तिकडे केला. लाज वाटते.

११ ऑगस्ट, गुरु.
शेवटी सरांना जाऊन सांगितलं. यादी, खोली, पुस्तिका, सगळं.
"सरी, ठीक आहे. मग?"
"मग काय अण्णा, तुमचं नाव घालतो."
सरांनी खडू ठेवला. "सदा, सातव्या दिवशी मी चुकलो होतो की रे. सिद्धता अर्ध्यात अडकली. तू घरून पुरी करून आणलीस आणि न बोलता घातलीस. लोकं धरतात ते तेच पान. जा, बघ जा."
मला यातलं काही आठवत नाही. अगदी काही नाही.
ग्रंथालयात जाऊन हवाला देणारे पाच-सहा लेख काढले. खरंच, बहुतेकांनी सातव्या व्याख्यानाचं पान दिलंय. पण ते पान कुणाचं, हे लेख कसे सांगणार? माझी तेव्हाची वही केव्हाच रद्दीत गेली. सर खोटं बोलत नाहीत. पण माझ्यासाठी बोलतीलही.

१२ ऑगस्ट, शुक्र.
आज यादी द्यायची. ऑफिसातली शैलजा कॉम्प्युटरवर चढवते. म्हटलं, पुस्तिकेपुढे दोघांची नावं घाल.
"आगल्ला, जमणार नाही सर, रकान्यात एकच बसतं. यार हेसरु हाकली?" कुणाचं नाव घालू, एवढंच तर कानडीत विचारत होती.
खिडकीतून चौदा नंबर दिसते. सर फळ्यासमोर पाठमोरे उभे, हात वर, खडू अडलेला. ५९ सालीही असे अडले की मागे न वळता वर्गाला म्हणायचे, "स्वल्प थांबा." आम्ही वीस जण श्वास धरून थांबायचो. किती प्रेम होतं त्या माणसावर आमचं. अजून आहे.
शैलजाला म्हटलं, "स्वल्प थांब."
ती थांबली आहे. मी व्हरांड्यात बसून हे लिहितोय. ऑफिस पाचला बंद होतं.