मेंढरांची साइडपट्टी

१२ फेब्रु. सणसर
रस्ता रुंद झाला. कडंच्या बाभळी तोडल्या अन् साइडपट्टीत वडाची, चिंचंची रोपं लावली. बोर्डावर लिवलंय ‘हरित रस्ता’. रोपं आवडली मला. पण आमची मेंढरं त्याच पट्टीनं चरायला जायची. आता रोपं चुकवत डांबरावरनं. उसाच्या ट्रॉल्या अंगावर येत्यात. काल एक कोकरू थोडक्यात...

१५ फेब्रु.
सरपंच माझ्या वडलांला, आबांला, म्हणलं, "मेंढरं रोपं खात्यात. कुंपण घाला, न्हायतर पट्टी बंद." आबांनी दिवसभर काट्या लावल्या. तोडलेल्या बाभळीच्याच. मी वढून दिल्या. हात सोलले.

१६ फेब्रु.
काट्यांना शेंगा तशाच हुत्या. मेंढरांनी शेंगांपायी काट्या उपसल्या, मग रोपंबी खाल्ली. आबांचा जल्म मेंढरामागं गेला, अन् शेंगा झाडायचं ध्यानात न्हाय. माझ्याबी न्हाय. टपरीवर नामा म्हणला, "आबा, पाव्हण्यांना पानं वाढली व्हय?" आबा हसलं न्हाईत. घरी येऊन म्हणलं, "आता पट्टी बंदच म्हणायची, मग कळप कशाला. इकून टाकू."
मी भाकरी थापत हुते. 

२० फेब्रु. ग्रा.सभा
रस्त्याचं साहेब आलतं. पर्यावरणाचं धोरण हाय म्हणलं, सूचना द्या. माझं एकच वाक्य पाठ हुतं: रोपं एका बाजूला लावा, दुसरी बाजू मेंढरांना सोडा. उठले. सगळी बघाय लागली. वाक्यच आठवंना. सायबांनी पाण्याची बाटली फुडं केली. पाणी पिले अन् खाली बसले.
शाळेतबी असंच. नववीत सोडली ती त्यापायीच थोडी.
मग गाडीपाशी गाठलं त्यांना.
"मंगळवारी सकाळी या. मेंढरांसंगं चाला."
"चालायचं?"
"व्हय. डांबरावरनं."
"बघतो."
बघतो म्हंजी काय?

२३ फेब्रु.
व्यापाऱ्याचा फोन. उद्या टेम्पो आणतो म्हणला. आबा व्हय म्हणलं, माझ्याकडं न बघता.

२४ फेब्रु. मंगळ.
रस्त्याच्या तोंडाशी मेंढरं धरून उभी हाय. वही संगंच हाय. ऊन तापलं.
"सोड आता, टेम्पो येईस्तवर चरू देत," आबा म्हणलं.
"थांबा की थोडं."
"कुणासाठी गं?"
सांगितलं. आबांनी मेंढरांफुडं काठी आडवी धरली.
दोघंबी बारामतीकडनंच येणार, सायब अन् टेम्पो.
लांब कायतरी पांढरं दिसतंय. गाडी हाय. कुणाची ते अजून...