राबर्न नावाच्या एकसष्ट पाट्या

टेटम फोर्ड, फ्लोरिडा
रविवार, १७ जुलै १९८८

प्रिय इमोजीनताई यांस,
स. न. वि. वि.

आज प्रार्थनेला जाऊन आलो. कालचे ग्रिट्स, म्हणजे मक्याची कणेरी, गरम करून खाल्ले. दुपारी परसातलं गवत कापलं. तुमच्या बहिणीला, माझ्या व्हर्डीला, जाऊन आज तीन महिने झाले.

एक बातमी आहे, हसू नका. मी शाळा अधीक्षकाच्या निवडणुकीला उभा राहिलोय. व्हर्डी चार वेळा निवडून आली होती आणि पाचव्या वेळच्या पाट्या तिने मार्चमध्येच रस्तोरस्ती ठोकल्या होत्या. हार्डवेअरवाला बर्ल म्हणाला, गड्या, पाटीवर नुसतं आडनाव, राबर्न, लिहिलंय, रंगसुद्धा लागणार नाही, तूच उभा राहा. मी म्हटलं, मी जन्मभर रस्ते मोजले, मला शाळेतलं काय कळतं? तर म्हणाला, कळायची अट कुठेय, मतं पडायची अट आहे.

समोर रेनिटा स्पायव्ही आहे. व्हर्डीच्या हाताखाली तिने अकरा वर्षं काढली, आताही कचेरी तीच चालवते. तिला काम येतं. माझ्याकडे पाट्या आहेत.

मत मागत नाही, तुमचं इथे चालतही नाही. लोभ तेवढा असू द्या.
आपला,
हॉलिस


जॅक्सनव्हिल
२५ जुलै

प्रिय हॉलिस,
अ. उ. आ.

हसू नका लिहिलंस, तिथेच हसले. आमच्याकडे शाळा मंडळच अधीक्षक नेमतं, आधी मुलाखत घेतं. तुझी घेतली असती तर तू टोपी हातात फिरवत बसला असतास. व्हर्डी म्हणायची, ह्यांना मीठ कुठेय विचारलं तर आधी नकाशा काढतील.

शेवटी ती मला म्हणाली होती, माझ्यामागे रेनिटा आली की पोरांची काळजी मिटली. तुलाही म्हणालीच असेल. मग खरं सांग, तू कशाला उभा राहिलास? आणि ग्रिट्सवर किती दिवस काढणार आहेस?

माझा लोभ आहेच, पण उत्तर वेळेवर आलं तर तो टिकेल.
तुझी,
इमोजीन


टेटम फोर्ड
रविवार, २८ ऑगस्ट

प्रिय इमोजीनताई,
स. न. वि. वि.

मलाही म्हणाली होती. खरं सांगायचं तर मी उभा राहिलो नसतो, तर पाट्या काढाव्या लागल्या असत्या. दुकानात जाता-येता तिचं नाव नऊ वेळा दिसतं. एवढ्यासाठी कुणी चार वर्षांचं पद मागतं का? मी मागितलं.

शुक्रवारी प्रचाराचा मलेट-फ्राय, म्हणजे तळलेल्या माशांची गावपंगत, होता. एका बस चालवणाऱ्या बाईने विचारलं, ओढ्याला पूर आला तर पलीकडची तेवीस मुलं घरी कशी न्यायची? मी ऐटीत म्हटलं, जुन्या गिरणीच्या पुलावरून. रेनिटा माझ्या कानाशी हळूच म्हणाली, की तो पूल पंच्याहत्तर साली वाहून गेला. गेलेल्या पुलाची मोजणी मीच केली होती, ताई. तेव्हापासून मला भीती वाटतेय, हरण्याची नव्हे.

मतपत्रिका छापून झाल्यात, नाव निघत नाही. म्हणून आज चर्चमध्ये उभा राहून म्हटलं, मी या कामाला लायक नाही, रेनिटाला मत द्या. तर टाळ्या पडल्या! व्हर्डी प्रत्येक भाषण याच वाक्याने सुरू करायची आणि समोरच्याची तारीफही करायची, हे मी विसरलोच. इथे सगळेच उमेदवार तसं म्हणतात. म्हाताऱ्या मिस ऑफीलियांनी माझा हात धरला, डोळे पुसले, म्हणाल्या, अगदी तिच्यासारखा बोललास रे. बर्ल म्हणतो, आता तू आलासच.

काय करू, ते कळवा. लोभ कमी झाला असेल तर तेही कळवा.
आपला,
हॉलिस


जॅक्सनव्हिल
३१ ऑगस्ट

प्रिय हॉलिस,
अ. उ. आ.

तुझ्या गावाला ऐकू येत नाही, वाचता येतं. काय करायचं ते तुला ठाऊक आहे, म्हणूनच मला विचारलंस. ती माझी बहीण होती, मला ते लिहून सांगणं जमत नाही.

टोपी घाल, ऊन फार आहे.
तुझीच,
इमोजीन


टेटम फोर्ड
मंगळवार, ६ सप्टेंबर

प्रिय इमोजीनताई,
स. न. वि. वि.

सकाळी मत देऊन आलो, रेनिटाला. नंतर घरीच होतो.

शनिवारपासून तीन दिवसांत साठ पाट्या उपटल्या. मोजणीखात्याचा माणूस, म्हणून कुठली कुठे आहे याचा नकाशा होताच. पहिल्या दिवशी बर्लला वाटलं, कुणा टवाळाचं काम आहे. त्याने बारा पाट्या परत ठोकल्या. त्या मी पुन्हा काढू लागलो तेव्हा तो येऊन बघत राहिला. मग गाडीतून मोठा हातोडा आणून दिला, म्हणाला, तुझ्या त्या खेळण्याने रात्र होईल. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की हॉलिस खरंच नको म्हणतोय.

तुमचा लोभ मला निवडणुकीने नको, कायमच्या नेमणुकीने मिळावा.
आपला,
हॉलिस

ता. क. बुधवार सकाळ. रेनिटा दोनशे सहा मतांनी आली. मलाही अकराशे पडली. या गावात मुलांची काळजी नसलेले इतके लोक असतील, असं वाटलं नव्हतं.

एकसष्टावी पाटी आमच्या टपालपेटीशेजारी आहे. ती व्हर्डीने स्वतः ठोकली. मी म्हटलं होतं, चार बोटं वाकडी आहे. ती म्हणाली, असू दे, मतदारही मान वाकडी करूनच बघतात.

आता हे पत्र पेटीत ठेवतो, पत्र न्यायचंय हे पोस्टमनला कळावं म्हणून पेटीचा लाल झेंडा वर करतो, आणि परत येताना ती पाटी घेऊन येतो.