पाच ते सहाचा तास

३ सप्टेंबर
आजही काही नाही! मुलगी सकाळपासून फोनकडे टक लावून बसलेली. डोळे अधू झालेल्यांनी तिच्या नंबरावर फोन करायचा, तिनं तो घरबसल्या वाचून दाखवणाऱ्या कुणाला तरी जोडून द्यायचा — पेपर म्हणा, गोष्ट म्हणा, कविता म्हणा. कल्पना सोन्यासारखी. वाचणारे हौसेनं जमले, पण ऐकणारे कुठायत? चुकूनमाकून एखादा फोन येतो, तेव्हा नेमकं वाचणारं कुणी जागेवर नसतं. वाचणारे दोघं तर कंटाळून गेलेच. ती म्हणते, "हे नाहीत म्हणून ते नाहीत, आणि ते नाहीत म्हणून हे!" महिनाअखेरपर्यंत हीच गत राहिली तर लांबच्या शहरातली नोकरी घेणार. मग घरात मी आणि भिंती. छे! हे चालवलंच पाहिजे.

५ सप्टेंबर
आधी वाचणारे टिकवायचे. म्हणून आज मीच फोन केला! शेजाऱ्यांकडून, आवाज घोगरा करून. मग वाण्याच्या दुकानातून, जरा बोबडा. संध्याकाळी न्हाव्याकडून, अगदी भारदस्त. मुलीनं ओळखलं नाही! तिन्ही वेळा निवृत्त नर्सबाई वाचायला होत्या. शाळेतल्या कविता वाचा, म्हटलं. त्यांच्याकडे चौथीचं जुनं पुस्तक आहे! ऐकता ऐकता मी चौथीच्या बाकावर जाऊन बसलो. खडूचा वास, फळ्यावर तिरपं ऊन, गुरुजींची बोटं टेबलावर ताल धरताहेत…

६ सप्टेंबर
फजिती. नर्सबाईंनी मुलीला विचारलं, "अहो, तुमचे तिन्ही आजोबा एकाच वर्गात होते का? माझी ओळ संपायच्या आत पुढची म्हणतात, आणि तिघांचाही गळा एकाच कडव्याला दाटतो!"
मुलगी हसेल असं वाटलं. नाही हसली. "बाबा, खोटी माणसं मोजून मी कुणाला फसवू? स्वतःलाच?"
तिचं बरोबर आहे. पण मीही हटणारा नाही.

९ सप्टेंबर
डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. भिंतीवर मुलीचं पत्रक, सुबक अक्षरात. खाली बाकांवर सगळे डोळ्यांत थेंब घालून, पापण्या मिटून! ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही लिहून लावलंय. धन्य बापलेक! तिथंच उभा राहून मोठ्यानं सांगायला लागलो. एक म्हातारे सुतार फिस्कन हसले. "केला होता की फोन, भर दुपारी. म्हणे वाचायला कुणी नाही. पुन्हा कोण करतो?"

१० सप्टेंबर
रात्रभर सुतार डोक्यात. पहाटे शाळा आठवली. पोरं वाटेल तेव्हा आली असती तर वर्ग कधी भरला असता का? घंटा होती म्हणून भरायचा!
चहाच्या वेळी म्हटलं, "तू पण तास लाव. फक्त पाच ते सहा. सगळे वाचणारे तेव्हाच बसव. आणि सारं शहर सोड, दवाखान्यामागची एक गल्ली धर."
"आधीच कुणी येत नाही, त्यात दारं लावून घेऊ?"
"अगं, चार माणसं मैदानात उभी केली तर दिसत नाहीत. तीच जिन्यात उभी कर — वाट मिळणार नाही!"
कप विसळून झाल्यावर म्हणाली, "उद्यापासून."

११ सप्टेंबर
सकाळी गल्लीत दारोदार वेळ सांगून आलो; सुतार तिथलेच निघाले. पाच ते सहा. सुतारांचा फोन. एकच. पण उचलला गेला!

१६ सप्टेंबर
सुतारांनी बहिणीला नंबर दिला. बहिणीनं तिच्या जिन्यातल्या दोघी शेजारणींना. त्या दोघींचं एकमेकींशी पटत नाही, पण काल काय ऐकलं ते सांगायला बोलावंच लागतं म्हणे!

२४ सप्टेंबर
कंटाळून गेलेले दोघं वाचणारे परत आले. नर्सबाईंनी भाचीलाही बसवलंय. शेजारच्या गल्लीतून विचारणा — आम्हाला कधी? मुलगी म्हणाली, "ही गल्ली पक्की झाली की." नोकरीचा मात्र चकार शब्द काढत नाही. विचारायचा धीर होत नाही.

३० सप्टेंबर
पाचला मुलगी दारात. "नोकरी नको म्हणून कळवलं," एका दमात. मी तोंड उघडायच्या आत — "रडायचं ते नंतर, बाबा. चार जण खोळंबलेत आणि वाचायला कुणी मोकळं नाही. उठा!"
चष्मा पुसला. पलीकडून एक खणखणीत आजी: "कविताबिविता नको हं. भाजीचे भाव वाचा."
वाचले. सगळे.